उन्हाला अडवणारी हवा

आमच्या लहानपणी मे महिन्याची सुटी मामाकडे काढायची हा शिरस्ताच होता. इतर मुलांचे मामा खेड्यात असत. त्यांच्याकडे विहीर असे, आमराई असे. आमचा मामा होता बडोद्याला, प्रतापनगरात. सोलापूरहून रात्रीची गाडी धरायची, मुंबईत गाडी बदलायची आणि घामाने व कोळशाच्या कणांनी माखून बडोद्याच्या स्टेशनावर उतरायचे. पुढे टांगा. मामा रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता. नॅरोगेजच्या, म्हणजे अडीच फुटी रुळांच्या गाड्यांची तिथे दुरुस्ती चाले. मामा भाड्याच्या एका माडीवरच्या खोलीत राही. खोलीला वर पत्रा. माडीवर असल्यामुळे वारा येतो, असे मामी सांगे. पण मे महिन्यात तो वाराही भट्टीतून निघाल्यासारखा येई.

दुपारचा एक वाजला की घरमालकीणबाई खालून हाक देत, "छोकरांओने नीचे मोकलो, पतरां तपी गयां!" आम्ही सीमेवरची मुले. घरी मराठी आणि गल्लीत कानडी बोलणाऱ्यांना आणखी एक भाषा जड जात नसे. 'पतरां तपी गयां' हे आमचे पहिले गुजराती वाक्य. मग आम्ही खाली येऊन ओट्यावर बसायचो, नाहीतर थोडे चालत जाऊन लालबागेतल्या राजवाड्याच्या बाजूला झाडांच्या सावलीत. तिथे एक बर्फगोळेवाला उभा राही. त्याच्या हातगाडीवर पोत्यात गुंडाळलेली, लाकडाच्या भुशात लोळवलेली बर्फाची लादी असे. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचे ऊन, आणि ती लादी मात्र संध्याकाळपर्यंत पुरे.

एके दिवशी मामा मला इंजिन दाखवायला घेऊन गेला. छोट्या गाडीचे छोटे इंजिन, पण आत वाफ भरलेली. मी लांबच उभा राहिलो. मामा म्हणाला, "अरे, भितोस काय? बॉयलरच्या कुशीवर हात लाव. चाकाजवळ नको, इथे वर." मी भीत भीत बोट लावले. चांगले गरम होते, पण फोड येण्यासारखे नव्हते. मामा हसला. "आत पाणी उकळतंय ते आपल्या चहासारखं नव्हे हो भाचेबुवा, त्याच्या दुप्पट तापलेलं असतं. पण त्याला पांघरूण घातलंय. आग सांभाळायची तर पांघरूण घालावंच लागतं."

संध्याकाळी खोलीत परतल्यावर मी विचारले, "मामा, मग आपल्या खोलीला पांघरूण का नाही?" मामा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "इंजिनाची वाफ वाया गेली तर कोळसा जास्त लागतो, हिशेबाला लागतं. आपला घाम कोण मोजतो?"

इतिहासाचा विद्यार्थी आणि शिक्षक म्हणून मी आयुष्यभर राजे, तह आणि सनावळ्या शिकवल्या. पण मामाच्या त्या उत्तरात इतिहासाचा केवढा मोठा भाग आहे, हे समजायला मला पन्नाशी ओलांडावी लागली. प्रतापनगरात हाकेच्या अंतरावर तीन छपरे होती: राजवाड्याचे, कारखान्यातल्या इंजिनाचे आणि मामाच्या खोलीचे. उष्णतेचा नियम तिन्ही ठिकाणी एकच. पांघरूण मात्र दोघांनाच मिळाले होते. ही गोष्ट नीट समजून घ्यायची तर आधी राजवाड्याकडे जाऊ.

* * *

बडोदे हे गुजरातच्या मातीत रुजलेले मराठी राज्य. १८७५ साली नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा बारा वर्षांचा मुलगा दत्तक येऊन या गादीवर बसला आणि सयाजीराव महाराज झाला. मालेगाव-खानदेशाच्या बाजूला धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची घरे सर्रास असत. तिथून आलेल्या राजाने पुढे जे वाडे-महाल उभारले, त्यांकडे आपण नक्षीसाठी पाहतो. थोडे उन्हाच्या बाजूनेही पाहिले पाहिजे.

बडोद्याच्या जुन्या वस्तीत तांबेकर वाडा आहे. विठ्ठल खंडेराव ऊर्फ भाऊ तांबेकर हे १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण होते. त्यांचा हा चार मजली वाडा. भिंतीवरच्या चित्रांसाठी तो प्रसिद्ध आहे. पण तो पाहताना लाकूडकाम किती आहे, हेही ध्यानात घ्यावे. लाकूड हे उष्णतेचे वाहक म्हणून फारच मंद. तुळया, फळ्या, खांब आणि मजल्यावर मजला अशी रचना असली की सर्वांत वरचा मजला उन्हाचा मारा खातो आणि खालचे मजले सावलीत राहतात. पेशवाई वाड्यांत भर उन्हाळ्यात माणसे तळमजल्यावर का झोपत, याचे कारण हेच.

मोठ्या महालांची गोष्ट याच्या पुढची. लक्ष्मी विलास राजवाडा १८९० मध्ये पूर्ण झाला. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. १८८१ मध्ये ते वारल्यावर रॉबर्ट चिझम यांनी काम तडीस नेले. विटा, तांबूस वालुकाश्म, संगमरवर आणि आपल्या पुण्याकडचा निळसर-काळा दगडही त्यात वापरला गेला. शहराबाहेर मकरपुऱ्याचा महाल तर खंडेराव महाराजांनी १८७० मध्ये बांधला आणि तो उन्हाळी महाल म्हणूनच ओळखला गेला. आमच्या प्रतापनगराजवळचा लालबागेतला प्रतापविलास राजवाडा १९१४ सालचा. वास्तुविशारद चार्ल्स स्टीव्हन्स. १९५२ मध्ये तिथे रेल्वेच्या अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण सुरू झाले, आणि आता गतिशक्ती विश्वविद्यालयही त्याच आवारात आहे.

त्या काळच्या अशा महालांत ऊन अडवण्याच्या तीन युक्त्या एकत्र वापरल्या जात. पहिली युक्ती सावलीची: खोलीभोवती कमानींचा व्हरांडा, म्हणजे ऊन मुख्य भिंतीपर्यंत पोचतच नाही. दुसरी युक्ती उंचीची: छत इतके उंच की तापलेली हवा माणसाच्या डोक्यावर कितीतरी वर जाऊन बसते आणि वरच्या झरोक्यातून निघून जाते. तिसरी युक्ती जाडीची: भिंत दीड-दोन फुटांची. विटेच्या दीड फुटी भिंतीतून उष्णतेची लाट आरपार जायला ढोबळमानाने दहा-बारा तास लागतात. दुपारी बारा वाजता बाहेरून निघालेली उष्णता आत पोचते ती रात्री दहा-बाराला. तोवर बाहेरची हवा थंड झालेली असते आणि खिडक्या उघडून ती उष्णता घालवून देता येते. सकाळी पुन्हा खिडक्या मिटायच्या. माझ्या आजीला हे शास्त्र कोणी शिकवले नव्हते. तरी उन्हाळ्यात सकाळी नऊला ती घराची दारे-खिडक्या लावून घेई आणि दिवेलागणीला उघडी.

* * *

इथे शास्त्राचे दोन शब्द सांगणे भाग आहे. मी भाषा-इतिहासाचा माणूस. विज्ञानाच्या शिक्षकांना विचारून, पुस्तके चाळून जे समजले ते सांगतो.

उष्णता नेहमी तापलेल्या जागेकडून थंड जागेकडे जाते आणि तिच्या तीन वाटा आहेत. पळी चहात ठेवली की दांडा तापतो, ही वहनाची वाट. चुलीवरची तापलेली हवा वर चढते आणि तिच्या जागी थंड हवा येते, ही अभिसरणाची वाट. आणि शेकोटीपासून चार हात दूर बसूनही तोंड शेकते, ही प्रारणाची वाट. पत्र्याच्या खोलीत तिन्ही वाटा मोकळ्या असतात. सूर्य प्रारणाने पत्रा तापवतो, पत्र्याच्या जाडीतून वहनाने उष्णता क्षणात आत येते आणि तापलेला पत्रा खालच्या माणसाच्या डोक्यावर पुन्हा प्रारणाचा मारा करतो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोलीच्या छपरावर मे महिन्याच्या दुपारी सुमारे आठ हजार वॅट इतके ऊन पडते. म्हणजे विजेच्या चार मोठ्या शेगड्या छपरावर पेटवून ठेवल्यासारखेच.

या वाटा अडवायच्या कशा? त्याचे उत्तर शोधणारा एक गमतीदार माणूस अठराव्या शतकात होऊन गेला. बेंजामिन टॉम्सन, पुढे काउंट रमफर्ड. जन्म अमेरिकेतला, १७५३ चा. नोकरी जर्मनीत बव्हेरियाच्या शासकाकडे. सैनिकांना ऊबदार कपडे कोणते द्यावेत, हा त्याच्यापुढचा प्रश्न. लोकर, रेशीम, कापूस, पिसे, लव यांतून उष्णता किती वेगाने जाते, हे त्याने एकेक करून तपासले. त्याला आढळले की ऊब लोकरीच्या धाग्यापेक्षा धाग्यांच्या मध्ये अडकून पडलेल्या हवेत असते. हवा हलती असली तर उष्णता पळवून नेते. तिलाच बारीक बारीक कप्प्यांत कोंडून स्थिर केले, तर तिच्याइतका मंद वाहक सहजी सापडत नाही. या कामासाठी रॉयल सोसायटीने त्याला १७९२ मध्ये कोप्ले पदक दिले. पुढे १८२२ मध्ये फ्रान्सच्या फूरिये यांनी उष्णतेच्या वहनाचे गणित ग्रंथरूपाने मांडले, आणि कुठल्या भिंतीतून किती उष्णता जाईल ते कागदावर काढता येऊ लागले.

हिशेब असा. स्थिर हवेची वाहकता एक धरली, तर काचलोकर किंवा थर्मोकोलची दीडच्या आसपास. सागवानासारख्या लाकडाची पाच-सहा. साध्या विटेची पंचवीस-तीस. सिमेंट काँक्रीटची पन्नास-साठ. आणि पोलादाची जवळजवळ दोन हजार! काचलोकर म्हणजे काचेच्या बारीक तंतूंचा पिंजलेला कापूस, आणि थर्मोकोल म्हणजे हवेचे बुडबुडे कोंडलेले प्लास्टिक. दोहोंतही खरे काम करते ती आतली हवा. काच आणि प्लास्टिक हे तिला एका जागी बसवून ठेवणारे राखणदार.

आता बर्फगोळेवाल्याचे पोते आठवा. पोते काही बर्फाला ऊब देत नव्हते. पोत्याच्या आणि भुशाच्या कणांमधली हवा बाहेरची उष्णता आत येऊ देत नव्हती. आमच्याकडचा धनगर घोंगडी थंडीत पांघरतो आणि भर उन्हातही डोक्यावर घेतो, त्यातले मर्म हेच. घोंगडीला थंडी-ऊन कळत नाही. तिला फक्त उष्णतेला अडवणे कळते, मग ती आतून बाहेर जाणारी असो की बाहेरून आत येणारी. अशाच पांघरुणाच्या जोरावर १८३३ साली अमेरिकेतल्या बोस्टनहून बर्फ जहाजात भरून चार महिन्यांचा प्रवास करून कलकत्त्याला आणला गेला. एकशेऐंशी टन निघाला होता, त्यातला सुमारे शंभर टन पोचला. विजेचे यंत्र नाही, काही नाही; नुसते पांघरूण!

* * *

आता मामाच्या इंजिनाकडे वळू. गायकवाडांची रेल्वे हा बडोद्याचा खास अभिमानाचा विषय. १८६२ मध्ये डभोई ते मियागाम असा नॅरोगेज रूळ टाकला गेला तेव्हा त्यावरून डबे ओढायला बैल जुंपले होते. १८७३ पासून त्यावर इंजिन धावू लागले. पुढे डभोईभोवती या छोट्या रुळांचे मोठे जाळे पसरले. गोयागेट हे बडोद्यातले त्याचे ठाणे. तेच आजचे प्रतापनगर. १९१९ मध्ये संस्थानच्या रेल्वेसाठी तिथे कारखाना निघाला, संस्थानी रेल्वे १९४९ मध्ये बी. बी. सी. आय. रेल्वेत गेली आणि १९५१ पासून सगळे पश्चिम रेल्वेत आले. बडोद्याच्या या रेल्वेने मराठी घरांना पिढ्यान्‌पिढ्या भाकरी दिली. माझ्या मामाचे घर त्यांतलेच.

वाफेच्या इंजिनाच्या बॉयलरमध्ये पाणी पावणेदोनशे ते दोनशे अंशांपर्यंत तापलेले असते. उघडे लोखंड ठेवले तर ती उष्णता वाऱ्याबरोबर निघून जाणार. म्हणून अगदी सुरुवातीच्या इंजिनांना बाहेरून लाकडाच्या पट्ट्या बांधून वर पितळी कडी आवळत. पुढे नमदा आला, आणि विसाव्या शतकात जगभर सर्रास वापरले गेले ते ॲस्बेस्टॉस. जमिनीतून निघणारे हे तंतुमय खनिज: जळत नाही, कुजत नाही, आणि तंतूंमध्ये हवा धरून ठेवते. वर पातळ पत्र्याचे आवरण घातले की झाले पांघरूण. मी ज्यावर बोट ठेवले होते, ते हे वरचे आवरण.

पण ॲस्बेस्टॉसची गोष्ट इथे संपत नाही, आणि शिक्षकाने ती अर्धी सांगू नये. त्याचे सूक्ष्म तंतू श्वासाबरोबर फुप्फुसात गेले तर तिथेच रुतून बसतात आणि वीस-तीस वर्षांनीही दमा लागल्यासारखी धाप, फुप्फुसाचा किंवा त्याच्या आवरणाचा कर्करोग होऊ शकतो. जगभरातल्या असंख्य कामगारांनी ही किंमत मोजली. आपल्याकडे अहमदाबादच्या एका ग्राहक संस्थेने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. जानेवारी १९९५ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे. ॲस्बेस्टॉस कारखान्यांनी कामगारांच्या प्रकृतीची नोंद चाळीस वर्षे जपली पाहिजे. उष्णता अडवणारी वस्तू निवडताना ती घालणाऱ्या हाताचाही विचार करावा लागतो, हा धडा त्यातून मिळाला.

आणखी एक गैरसमज दूर करतो. सिमेंटचा जो पत्रा आपण 'ॲस्बेस्टॉसचा पत्रा' म्हणून घरावर घालतो, तो उष्णता अडवतो असे अनेकांना वाटते. नाव बॉयलरच्या पांघरुणाचे, पण गुण त्याचे नाहीत. त्यात तंतू थोडे आणि सिमेंट जास्त. जाडी पाऊण सेंटीमीटरहूनही कमी. हवा कोंडलेली जवळपास नाहीच. लोखंडी पत्र्याहून थोडा बरा, इतकेच.

* * *

आता आमच्या घरी या. आमचे गाव उमरग्याच्या बाजूला, कर्नाटकाच्या शिवेवर. तिथले जुने घर म्हणजे माळवद. आमच्या शेजारच्या कानडी घरांत त्यालाच 'माळगी' म्हणतात. दोन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या, त्यावर पाला आणि त्याच्यावर पांढरीच्या मातीचा फूट-दीड फूट थर. दर वर्षी मृगाच्या आधी गळती बुजवायला नवी माती टाकायची. जुनी कोणी काढत नसे. असा हा थर पिढ्यान्‌पिढ्या वाढत जाई. त्या घरात मे महिन्याच्या दुपारी अंगावर पांघरूण घेऊन झोपता येई, हे मी शपथेवर सांगतो. प्रतापनगरचा राजवाडा आणि आमचे माळवद ही एका अर्थाने भावंडेच.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र सरत आलेली. पहाटे चारला काही मिनिटे कमी असताना किल्लारीची जमीन हलली. मी नुकताच एम. ए. होऊन नोकरी शोधत होतो. आमच्या घराची एक भिंत फाटली, आम्ही वाचलो. पण किल्लारी, सास्तूर आणि भोवतालच्या गावांत सुमारे दहा हजार माणसे त्या एका पहाटे गेली. त्यांतल्या बहुतेकांना मारले ते त्यांच्याच घरांनी. मातीत बसवलेले दगड सुटले आणि वरची माती झोपलेल्या माणसांवर आली. आठवडाभर आम्ही तरुण मुले फावडी घेऊन ती माती उपसत होतो. त्या मातीचा गारवा हाताला लागत होता. त्यावर अधिक लिहिणे आजही जमत नाही.

हिशेब नंतर केला. दीड फूट मातीचा थर म्हणजे दर चौरस मीटरला सहा-सातशे किलो वजन. दहा बाय दहाच्या खोलीवर सहा टन! आमच्या पूर्वजांनी गारवा विकत घेतला होता तो वजन देऊन, आणि एका पहाटे त्याची वसुली झाली.

भूकंपानंतर बावन्न गावे नव्या जागी वसली. इतर गावांतही माळवदाचा धसका बसला. माझ्या वडिलांनी पुन्हा कधी त्या छपराखाली पाठ टेकली नाही; अंगणात झोपत. दोन वर्षांत आम्ही माळवद उतरवले आणि पत्रा घातला. सगळा गाव तेच करीत होता. ज्यांना परवडले त्यांनी चार-पाच इंची स्लॅब टाकला. जिवाची भीती गेली, पण त्या उन्हाळ्यात आई दुपारी कपाळाला ओला पदर लावून बसली आणि म्हणाली, "जीव वाचला रे, पण घर गेलं." मला एकदम प्रतापनगरची मामी आठवली. पत्रा तापला होता.

त्यावर माणसे म्हणतात, जुने ते सोने. मी ते म्हणू शकत नाही. मी ती माती उपसली आहे. दुसरे म्हणतात, नवे ते सुरक्षित, ऊन सहन करा. तेही मला पटत नाही. कारण ऊनही मारते. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या महिन्यात शहरात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक माणसे जास्त दगावली. भूकंपासारखा त्याचा आवाज झाला नाही, एवढेच. त्यातून धडा घेऊन त्या शहराने २०१३ मध्ये उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा तयार केला, तो या उपखंडातला पहिला. पुढे गरीब वस्त्यांतल्या छपरांना पांढरा रंग देण्याचे कामही तिथे हाती घेतले गेले.

* * *

मग वाट कोणती? ती रमफर्डने दाखवली आहे, आणि मामाच्या इंजिनाने. वजनाच्या जागी कोंडलेली हवा वापरायची. दोन इंच जाडीचा थर्मोकोलचा थर दहा बाय दहाच्या छतावर घातला, तर त्याचे वजन भरते नऊ-दहा किलो. त्याचा उष्णतेला होणारा अडथळा मात्र दीड फूट मातीच्या सुमारे दुप्पट! सहा टनांचे काम दहा किलोंत. अर्थात माती उष्णता साठवून उशिरा सोडते, तो गुण हलक्या थरात नाही. म्हणून जाड भिंत आणि हलके पण अडवणारे छप्पर ही जोडी सर्वांत चांगली. थर्मोकोल आग पकडतो, तेव्हा तो उघडा ठेवू नये. स्लॅबवर घालून वर फरशी किंवा कोबा करावा. पोकळ विटा, हवेचे बुडबुडे असलेले हलके सिमेंटचे ठोकळे, काचलोकरीच्या गाद्या हेही त्याच कुळातले. सरकारने २०१८ मध्ये घरांसाठी 'इको निवास संहिता' काढली. छपरातून दर चौरस मीटरला, दर अंश फरकामागे १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता आत येऊ नये, असा तिचा दंडक आहे. उघड्या स्लॅबमधून याच्या तिप्पट येते, पत्र्यातून पाचपटीहून अधिक. पण संहिता कागदावर राहते आणि छप्पर डोक्यावर.

आमच्या शाळेच्या दोन वर्गखोल्यांवर पत्रा आहे. मार्चनंतर दुपारच्या तासाला त्या खोल्यांत मी स्वतः शिकवून पाहिले. शेवटच्या बाकावरची मुले झोपत नव्हती, ती निपचित पडत होती. दोन्हींतला फरक मला प्रतापनगरमुळे ठाऊक होता. गेल्या वर्षी पालकांची सभा घेतली. मराठीत बोललो, मग मागच्या रांगेतल्या मंडळींसाठी कानडीत. त्यांना इंजिनाचे पांघरूण आणि बर्फाचे पोते सांगितले. पैसा फार जमला नाही, पण हात जमले. पत्र्याला वरून चुन्याचे दोन हात दिले. पांढरा पृष्ठभाग आलेल्या उन्हातला मोठा भाग परत फिरवतो. आतून पत्र्याखाली हातभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्यांचे छत ठोकले आणि दोन्ही टोकांना वरच्या बाजूस झरोके ठेवले, म्हणजे मधली तापलेली हवा निघून जावी. शाळेचा तापमापक घेऊन आठवीच्या मुलांनी महिनाभर नोंदी केल्या. दुपारी तीन वाजता पूर्वीपेक्षा चार-पाच अंशांचा उतार त्यांच्या वहीत दिसतो. राजवाडा झाला नाही. पण मुले आता शेवटच्या तासाला प्रश्न विचारतात.

मध्यंतरी बडोद्याला जाणे झाले. प्रतापनगरच्या स्टेशनावर आता अडीच फुटी रूळ नाहीत. जानेवारी २०२१ पासून तिथून केवडियापर्यंत विजेवर चालणारी मोठ्या रुळांची गाडी जाते. जुनी छोटी इंजिने आता पाहण्यासाठी मांडून ठेवली आहेत. मामा जाऊन बारा वर्षे झाली. त्याची माडी अजून आहे; भाडेकरू दुसरे, पत्रा तोच की बदललेला, कोण जाणे. खाली उभा राहून मी वर पाहिले. मे महिना नव्हता, तरी दुपार कडक होती. वरच्या खिडकीत एक लहान मूल घामाने चिंब होऊन रस्त्याकडे पाहत होते.

मामाने विचारले होते, आपला घाम कोण मोजतो? त्याला उत्तर द्यायचे राहून गेले. आमच्या आठवीच्या मुलांची ती वही मी शाळेच्या कपाटात जपून ठेवली आहे.